बंद माइकमधून आलेली ओ

माझा धंदाच असा आहे की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून चालत नाही. मी साउंड करते. म्हणजे लग्नाला, भजनाला, शाळेच्या गॅदरिंगला माइक-स्पीकर लावते आणि कोणाला नीट रेकॉर्डिंग हवं असेल तर तेही करून देते. हेडफोनमध्ये रोज काही ना काही विचित्र ऐकू येतं... मोबाइलची खरखर, शेजारच्या मांडवातल्या भटजींचे मंत्र, एकदा तर पदराला माइक लावलाय हे विसरून एका वरमाईने नव्या सुनेबद्दल जे काय सांगितलं ते. सगळ्याला कारण असतं आणि ते मला पाच मिनिटांत सापडतं. या पानावरचे तुमचे अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? वाचताना हसतेही. तेव्हा आज मी स्वतः लिहायला बसले आहे, हे बघून आमच्या घरात आता हसणं चालू आहे.

माझं माहेर देवबागचं. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर आमची घरं. हल्ली तिकडे आलेल्यांना पॅरासेलिंग आणि होमस्टे एवढंच दिसतं. पण सकाळी लवकर समुद्राच्या बाजूला गेलात तर आमच्या वाडीची रापण ओढताना दिसेल. तिचे तांडेल, म्हणजे म्होरके, माझे बाबा. सत्तरी ओलांडली आहे, पण पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगतात. त्यांचं चुकलेलं मी लहानपणापासून दोनदाच पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांनी दिवसभर कोणाशी बोलणं टाकलं होतं.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, मोठा अर्धगोल मारत जाळं सोडते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर प्रत्येकी वीस-पंचवीस माणसं उभी राहतात आणि ओढायला लागतात. एकाने आधी ओढलं आणि दुसऱ्याने मागून, तर जाळं तिरकं होतं आणि मासळी खालून निसटते. म्हणून दोन्ही दोर एकाच क्षणी हलावे लागतात.

आमच्याकडे त्यासाठी हाक होती. बाबा या टोकाला आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा बाळाकाका, त्या टोकाला, एका सुरूच्या झाडाखाली. बाबा ओरडायचे, "बाळा रेऽऽ, दोर घेऽऽ!" आणि तिकडून काकाची ओ यायची. ओ आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, हा नियम. पन्नास माणसं हात सैल सोडून त्या एका आवाजाची वाट बघत उभी असायची. लहानपणी मला वाटायचं, माझ्या बाबांनी हाक मारल्याशिवाय समुद्रसुद्धा काही करत नाही.

चार वर्षांपूर्वी बाळाकाका झोपेतच गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा संदेश उभा राहायला लागला. संदेश हुशार आहे, पण त्याचा आवाज त्याच्या आजोळच्या वळणाचा, बारीक. म्हणून शिटी आली. शिटी चोख काम करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांनी त्यानंतर हाक म्हणून मारली नाही. कोणी विषय काढला तर उठून जाळं बघायला जायचे.

गेल्या वर्षी गणपतीनंतर बाबांचा आवाज बसला. आधी आम्ही काढे केले, मग कुडाळचा डॉक्टर, मग गोव्याचं मोठं इस्पितळ. तिथे निदान झालं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, जीव वाचेल, बोलणं जाईल. तारीखही मिळाली. घरी येताना गाडीत, पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडल्यावर, बाबाच म्हणाले की तांडेलाला डोळे लागतात, तेवढे शाबूत आहेत.

त्या रात्री कणकवलीला माझ्या घरी आल्यावर मी माझी हार्ड डिस्क उघडून बसले. कीर्तनकार, वक्ते, नवरे, नवऱ्या, पहिलीतल्या मुलांची भाषणं... हजारो लोकांचे आवाज मी जपून ठेवले आहेत. माझ्या बापाचा एक नाही. फोनवर दोन-चार व्हॉइस मेसेज होते, त्यात "जेवलंस काय" आणि "पावस आसा, सांभाळून ये" एवढंच. मला फार लाज वाटली. आणि माझ्या डोक्यात बसलं की ऑपरेशनच्या आधी बाबांची हाक धरायचीच. बोलणं नाही, गप्पा नाहीत. हाक.

डॉक्टरांनी आवाजावर ताण देऊ नका असं बजावलं होतं. मी फोन करून विचारलं तेव्हा ते एकदाच, असं म्हणाले. म्हणजे रीटेक नाही. माझ्या धंद्यात रीटेक नाही म्हटलं की मी प्रत्येक गोष्ट तीनदा तपासते.

ऑपरेशनच्या पाच दिवस आधी मी माझा नवा वायरलेस सेट घेऊन देवबागला गेले. छोटी चार्जिंगची डबी, तिच्यात अंगठ्याएवढे दोन माइक आणि एक रिसीव्हर. माइक माणसाच्या छातीला लावायचा, रिसीव्हर रेकॉर्डरला जोडून आपल्याजवळ ठेवायचा. एक नंबरच्या माइकचा आवाज डाव्या चॅनेलवर येतो, दोन नंबरचा उजव्या. दोघं बोलत असले तरी नंतर वेगवेगळं करता येतं. डबीत ठेवला की माइक आपोआप बंद. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पडवीत मी बाबांना सेट दाखवत होते. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर केसाळ टोपी घालतात, ती बघून आईने हे मांजराचं पिल्लू कोणाचं म्हणून विचारलं. बाबा मात्र गंभीरपणे डबी हातात घेऊन बघत होते. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी वाईट शब्द काढला नव्हता, चांगलाही नव्हता. लग्नातले कर्णे लावणारी मुलगी, एवढंच त्यांच्या डोक्यात असावं असं मला वाटायचं. बसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "ह्ये दोन कित्या गो?"

मी सांगितलं, दोन माणसं असली तर दोघांना एकेक.

"मगे दुसरो बाळाक लाव," बाबा म्हणाले. "तेच्या सुरूक बांधून ये."

मी आईकडे बघितलं, आईने भांडी उचलली आणि आत गेली. मी समजावून सांगितलं की मला फक्त तुमची हाक हवी आहे, ओ कोण देणार तिकडून. तर ते म्हणाले, "खोटी हाक मी मारूचंय नाय. हाक मारलंय तर समोरसून ओ येवक व्हयी." आणि विषय संपला. तांडेल बोलला की संपतो.

मी हो म्हटलं. आणि तो माइक मी सुरूला बांधला नाही.

का ते सांगते, कारण इथे चूक माझी आहे आणि ती धंद्यातली चूक आहे. त्या माइकची रेंज खोक्यावर लिहिली आहे दोनशे मीटर, तीही मध्ये कोणी नसेल तर. सुरूचं झाड होतं त्याच्या दुप्पट लांब. एवढ्या लांबचा माइक चालू ठेवला तर सिग्नल तुटतो, कडकड आवाज येतात, आणि रीटेक नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मी असली कडकड येऊ देणार नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, हो म्हणायचं आणि आपलं काम करायचं. दुसरा माइक डबीत, डबी पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही किनाऱ्यावर होतो. मतलई वारा होता, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे जाणारा, अगदी हलका. समुद्र शांत. मी बाबांच्या बनियनला आतून माइक लावला, घाम लागू नये म्हणून खाली पातळ प्लॅस्टिक दिलं, वर चिकटपट्टी. लेव्हल अशी ठेवली की हाक कितीही मोठी निघाली तरी आवाज फाटू नये. मग हेडफोन घालून त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी राहिले. हेडफोनमध्ये मी ऐकताना दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकते, ती माझी जुनी सवय. बाबांचा श्वास येत होता, मागे लाटा. स्वच्छ. मी अंगठा वर करून दाखवला.

होडी जाळं सोडून आली. लांब तिकडे सुरूच्या खाली संदेशची माणसं दोरावर उभी राहिलेली दिसली. संदेशला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आज बाबा हाक मारतील, ती ऐकलीस की शिटी वाजव. आमच्या बाजूची सगळी माणसं गप्प होती. त्यांना माहीत होतं आज काय आहे ते. वाडीतल्या बायकाही टोपल्या घेऊन नेहमीपेक्षा लवकर आल्या होत्या.

बाबांनी दोन्ही हात तोंडाजवळ नेले. मला मनापासून भीती वाटत होती की आवाज फुटणार नाही. दोन महिने त्यांच्या घशातून नुसती फुसफुस येत होती. त्यांनी श्वास घेतला, तो मला कानात ऐकू आला, आणि मग—

"बाळा रेऽऽ! दोर घेऽऽ!"

अख्खा आवाज. जुना, भरलेला, कुठेही न चिरफाळलेला. मीटरचा काटा वर गेला आणि फाटायच्या जरासा अलीकडे थांबला. मी आयुष्यात एवढी अचूक लेव्हल कधी लावली नव्हती. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या दोन गड्यांनी डोळे पुसले. मीही पुसले असते, पण माझे हात रेकॉर्डरवर होते.

आणि मग हेडफोनमध्ये ओ आली. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग मोठ्याने, "घेतलंय रे दादाऽऽ!"

मला वाटलं संदेश. शिटी वाजव म्हटलं होतं, पण याने ओ दिली, बरं केलं. माझं सगळं लक्ष मीटरकडे. मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांचे हात दोराला लागलेले नव्हते. सगळी माणसं बाबांकडे बघत होती आणि बाबा माझ्याकडे.

"ओ इली, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून दोर धरला आणि ओढ सुरू झाली. जाळं सरळ आलं, सुतासारखं सरळ. बांगडा भरपूर होता, टोपल्या कमी पडल्या. बाबा वाळूत बसून सगळं बघत होते.

मासळी वाटून होत असताना आमच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या गड्याने मला विचारलं, "ओ कोणी दिल्यान गो? आमका काय ऐकाक येवक नाय." मी म्हटलं, संदेशने. तो मान हलवत गेला. थोड्या वेळाने संदेश आला तेव्हा मी त्याची पाठ थोपटायला गेले, आवाज मस्त लावलास म्हणून. 

"मी काय बोलूकच नाय," संदेश म्हणाला. "शिटी तोंडाक लावलंय, तेवढ्यात तुमचो दोर हलाक लागलो. म्हणान आमी ओढलंव."

मी म्हटलं, तुझ्या बाजूचं कोणीतरी असेल. त्याने तिथल्या तिथे चौघांना विचारलं. कोणी नाही. तेव्हासुद्धा माझ्या मनात काही आलं नाही, शपथेवर सांगते. किनाऱ्यावर आवाज कुठून कुठे जातो याचा भरवसा नसतो. घरी जाऊन बघू म्हटलं.

संध्याकाळी कणकवलीला फाइल लॅपटॉपवर उघडली. डाव्या चॅनेलवर बाबांचा माइक, हाकेचा उंच डोंगर. उजव्या चॅनेलवर सरळ रेघ, कारण दोन नंबरचा माइक बंद होता. बंद माइकची रेघ अगदी सपाट असते, तिच्यात साधी खरखरही नसते. ती रेघ चौदा मिनिटं सपाट होती. मग हाकेच्या जरा आधी तिच्यात आवाज सुरू झाला होता, पाऊण मिनिटभर चालला होता, आणि पुन्हा सपाट.

मी डावा चॅनेल बंद करून नुसता उजवा ऐकला. लाटा होत्या, पण बाबांच्या माइकमधल्या नाहीत, वेगळ्याच लाटा, वेगळ्या लयीत फुटणाऱ्या. वर सुरूच्या झाडातून वारा गेला की येते ती सळसळ. मग लांबून, बारीक, बाबांची हाक. मग माइकच्या अगदी जवळ खाकरणं, तंबाखू थुंकल्याचा आवाज आणि "घेतलंय रे दादाऽऽ". त्यानंतर दोर ताणला जातानाची करकर. मग काही नाही.

बाबांना दादा म्हणणारा एकच माणूस होता. बाकी सगळे तांडेल म्हणतात आणि संदेश मोठेबाबा. आणि खाकरून, थुंकून मग ओ द्यायची सवय कोणाची होती, ते देवबागात कोणालाही विचारा.

मी नवऱ्याला दुकानातून बोलावलं. त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि माझी चूक काढण्याची संधी तो सहसा सोडत नाही. त्याने आधी सेटिंग बघितलं, दोन्ही चॅनेल चुकून एकत्र झाले असतील म्हणाला. तसं असतं तर दोन्हीकडे एकच आवाज असता. इथे डाव्या चॅनेलवर त्या ओचा पत्ताच नाही, त्या वेळी तिथे फक्त लाटा आहेत. मग म्हणाला, दुसऱ्या कोणाचा असलाच माइक जवळपास असेल, टुरिस्ट लोक व्हिडिओ करतात. पण हे माइक आपापल्या रिसीव्हरशीच जोडलेले असतात, आणि टुरिस्ट कशाला बाबांना दादा म्हणेल? शेवटी त्याने दोन नंबरचा माइक काढला. या माइकच्या पोटात स्वतःचं वेगळं रेकॉर्डिंग होतं, चालू असेल तर. त्यात त्या दिवसाची फाइलच नव्हती. त्याने माइक परत डबीत ठेवला आणि चहा टाकायला आत गेला. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं.

पण मला झोप लागेना ती वेगळ्याच गोष्टीने. उजव्या चॅनेलवर बाबांची हाक उशिरा येत होती. डाव्यावर हाक सुरू होते, आणि उजव्यावर तीच हाक एक सेकंद आणि वर साधारण पाचवा हिस्सा एवढ्या उशिराने. ज्याचं बालपण किनाऱ्यावर गेलं त्याला हे माहीत असतं. लांबवर कोणी होडीला खिळे ठोकत असला की हातोडा वर गेलेला दिसतो आणि ठोक्याचा आवाज तेव्हा येतो. आवाजाला वाट चालावी लागते. सेकंदाला साडेतीनशे मीटरला थोडं कमी. मी आकडा मांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला काही न सांगता देवबागला गेले आणि संदेशला मोजपट्टीचं एक टोक धरायला लावलं. बाबा उभे होते तिथपासून सुरूच्या झाडापर्यंत चारशे दहा मीटर. हिशोब बरोब्बर जुळला.

म्हणजे तो माइक तिथेच होता. झाडाखाली, कोणाच्या तरी छातीला. आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीतही होता, डबीत, बंद. हाक तिथपर्यंत पोचली होती. ओ मात्र वाऱ्यावरून आमच्याकडे आलीच नाही. आली ती फक्त माझ्या यंत्रातून.

बाबांना मी ऑपरेशनच्या आधी काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी माइक बांधला नव्हता हे सांगावं लागलं असतं, आणि गोव्याला निघालेल्या माणसाला मी फसवलं होतं हे कुठल्या तोंडाने सांगू? ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्याने त्यांच्यात पुन्हा पडवीत बसण्याएवढी ताकद आली. गळ्याला रुमाल, हातात माझ्या मुलीची रेघांची वही आणि पेन. सुरुवातीला ते लिहायला चिडायचे. मग रागही लिहायला लागले तेव्हा आईला हायसं वाटलं.

एका दुपारी मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि फाइल सुरू केली. स्वतःची हाक ऐकताना त्यांनी डोळे मिटले. मग ओ आली. त्यांचे डोळे उघडले. त्यांनी पुन्हा लाव अशी खूण केली. दुसऱ्या वेळी त्यांनी डाव्या कानावरचा हेडफोन, ज्यात त्यांचा स्वतःचा आवाज होता, तो बाजूला केला आणि नुसता उजवा दाबून धरला. असं चार वेळा ऐकलं. ज्या आवाजासाठी मी एवढी धडपड केली होती तो त्यांना नकोच होता.

वहीवर लिहिलं, "बाळाच." आणि खाली, जरा थांबून, "चेडवान धरल्यान."

पोरीने धरलं. आमच्याकडे मासळी धरतात त्याच शब्दात. त्या संध्याकाळी विचारपूस करायला जो आला त्याच्यासमोर बाबांनी तीच ओळ धरली आणि बोट माझ्याकडे केलं. लग्नातले कर्णे लावणाऱ्या मुलीचा बाप म्हणून त्यांची छाती अशी कधी फुगलेली मी बघितली नव्हती. मला तर रडावं की हसावं कळेना.

पण ते कौतुक मला पचेना. सगळे गेल्यावर मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. "बाबा, तो माइक मी सुरूक बांधूकच नाय. पिशयेत होतो, बंद."

मला वाटलं वही भिरकावतील. त्यांनी ती मांडीवर सरळ केली. मग लिहिलं, "म्हायत आसा. तू सुरूकडे गेलंसच नाय. मी बघी होतंय."

किनाऱ्यावर त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी विसरलेच होते.  ओशिवाय हाक मारणार नाही म्हणाला होतात ना? पलीकडे ना माइक, ना माणूस, हे माहीत असताना तुम्ही हाक कशी मारलीत? मी विचारलं, "मगे हाक कित्या मारलात?"

या वेळी त्यांना लिहायला खूप वेळ लागला. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वही त्यांनी माझ्या हातात दिली.

"तेका आनी एकदा हाक मारूची होती. परत मारूक गावली नसती."

आवाजाचा शेवटचा घोट होता त्यांच्याकडे, आणि तो त्यांनी माझ्या रेकॉर्डिंगसाठी खर्च केलाच नव्हता. भावासाठी केला होता. मी मध्ये होते, एवढंच.

या गोष्टीला वर्ष होत आलं. पुण्यात ज्यांच्याकडे मी साउंड शिकले त्या सरांना फाइल पाठवली होती. त्यांनी दोन आठवडे डोकं लावलं आणि फोनवर म्हणाले, रेकॉर्डिंगमध्ये मला कुठेच चूक सापडत नाही, अडचण तीच आहे.  तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, आणि पटलं तर मान्यही करेन. पण तुझं आजवरचं सगळ्यात स्वच्छ काम कुठलं असं मला कोणी विचारलं, तर मी बेधडक या फाइलमधलं ते पाऊण मिनिट सांगते. समोरचा विचारतो, माइक कुठला वापरलास? आणि तिथे मला खरं तेच सांगावं लागतं, की तो बंद होता.